बनसोडांची न लागलेली बातमी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ज्याच्याशी लग्न होता होता राहिलं त्याला नाही, संघटनेत तर नाहीच नाही. संघटनेत आम्ही एकमेकांना फक्त दुसऱ्यांचे गुन्हे सांगतो. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर माझ्या पत्रकांवरून – म्हणजे ओळखतच नाही.

पत्रकं मी चांगली लिहिते. उगाच विनय कशाला? एका पानात समोरच्याला उताणं पाडायचं, तिसऱ्या ओळीत आरोप, मध्ये एक नाव, एक चेहरा, शेवटी सवाल. सवय अशी जडते की भाजीवाल्याशी बोलतानाही आवाज चढतो. आत्ता हे लिहितानासुद्धा हात तिकडेच वळतोय – कुणाला तरी धरून आपटावं. आज आपटायला एकच बाई आहे. पण थांबा, आधी त्या वर्तमानपत्राचं सांगू दे. टाळतेय का मी? हो, टाळतेय.

दिल्लीत एक मराठी दैनिक होतं. चार पानांचं. पहाडगंजात चादरींच्या ठोक दुकानावर त्याची कचेरी होती. जिन्याच्या तोंडाशी हॉटेलांचे दलाल उभे असायचे, ते रोज मला 'रूम चाहिए, मॅडम?' विचारायचे आणि रोज मी त्याच दोन शिव्या द्यायचे. वर गेलं की शाईचा नाही, डिंकाचा आणि जुन्या कागदाचा वास. आणि त्या वासात तयार व्हायचं दिल्लीतल्या मराठी माणसाचं मुखपत्र! मुखपत्र कसलं, शेजारणीची खिडकी होती ती. अमुक मंत्रालयातल्या श्री. तमुक यांची नागपूरला बदली. सौ. अमुकतमुक यांच्या कन्येचं भरतनाट्यमचं अरंगेत्रम. कुणाच्या चिरंजीवांना दहावीत किती टक्के. तिसऱ्या पानावर 'जाणारे-येणारे' – शुक्रवारच्या गाडीने पुण्याला कोण चाललंय आणि कुणाच्या बॅगेत जागा आहे. लोक ते वाचून स्टेशनावर यायचे आणि संपूर्ण अनोळखी माणसाच्या हातात औषधं, लोणच्याची बरणी, साखरपुड्याची अंगठी देऊन निवांत घरी जायचे. का? तर तो मराठी होता आणि त्याचं नाव छापून आलं होतं. याला काय म्हणाल? मी बावळटपणा म्हणायचे.

आणि लग्नाच्या जाहिराती. त्यात मुलीच्या नावाआधी पोटजात. देश पुढे गेला, राजधानी पुढे गेली, सायकलवरचे बाबू मेट्रोत बसले – पण पोटजात आपली पहिल्या ओळीत. हे मी पत्रकात लिहिलं होतं आणि ते खरं होतं. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल: खरं पुष्कळ होतं माझ्याजवळ.

आमच्याही घरी ते यायचं. वडील सुभेदार, साताऱ्याकडचे. आम्ही दिल्ली कॅन्टच्या क्वार्टरात वाढलो. बाहेर सगळी हिंदी, शाळेत इंग्रजी, म्हणून पोरांची मराठी आटू नये यासाठी आईने ते लावलं होतं. रोज शाळेतून आल्यावर एक बातमी मोठ्याने वाचायची. त्यामुळे 'चिरंजीव' आणि 'कैलासवासी' हे शब्द मला 'फुलपाखरू'च्या आधी आले. फौजींची बातमी कुठे असायची? चौथ्या पानावर, खाली, पंचांगाच्या वर. बाबूंचा पेपर, बाबूंसाठी. आई कधी काही बोलली नाही, पण मी ते पंचांग विसरले नव्हते.

पुढे विद्यापीठ, मुनिरकातली भाड्याची खोली, संघटना, पत्रकं. आणि खोलीसाठी नोकरी. कुठे मिळावी? त्याच पेपरात. संध्याकाळी चार तास संगणकावर पानं लावायची. मी हसले होते. शत्रूच्या घरात शिरून त्याच्याच चुलीवर चहा करायचा, असं मी मैत्रिणींना सांगायचे. किती मजा वाटायची मला स्वतःची!

संपादक होते नाडकर्णी काका. मंत्रालयात अनुवादक म्हणून निवृत्त झालेले, सत्तरीच्या पुढचे, दिल्लीत इतकी वर्षं काढलेले की त्यांच्या मराठीत 'अच्छा' आणि 'यार' कायमचे मुक्कामाला आले होते. माझी पत्रकं ते वाचायचे. माझ्यासमोर, चष्मा कपाळावर सरकवून.

“स्वाती बेटा, लिहितेस बरं. पण एवढी उद्गारचिन्हं कशाला, यार? मला बीपीची गोळी दोनदा लागते.”

“काका, तुमच्या पेपरला बीपीच नाही. नाडी तरी लागते का बघा.”

ते हसायचे. मला राग यायचा तो याचा – ते हसायचे. शत्रूने निदान शत्रूसारखं वागावं की नाही?

त्या पेपरचा एक नियम होता. आता तो सांगायलाच हवा. पहिल्या पानाचा पहिला कॉलम रिकामा ठेवायचा, पान प्रेसला पाठवेपर्यंत. तो मेलेल्यांचा. दिल्लीत कुणी मराठी माणूस गेला की घरचे फोन करायचे, आणि त्या कॉलमात नाव, घर, स्मशानघाट, वेळ – फुकट, ज्या क्रमाने फोन आला त्या क्रमाने. पंतप्रधान बदलले तरी ती बातमी दुसऱ्या कॉलमात. कुणी गेलंच नसेल, तरच तिथे दुसरं काही.

हे कुठून आलं, ते काकांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. पेपर काढणारे एका मंत्रालयातले कारकून होते. त्यांच्या शेजारच्या क्वार्टरातले गृहस्थ अचानक गेले. बायको आणि लहान मुलं, बाकी सगळे गावी. शेजारी पंजाबी, बंगाली, भले लोक होते, धावून आले. पण बाईला त्यांच्याशी बोलता येईना, काय करायचं काय नाही सांगता येईना. मग हा कारकून सायकल काढून क्वार्टरा-क्वार्टरांतून फिरला – मराठी बोलणारी चार माणसं गोळा करायला. फिरता फिरता उन्हं उतरली. त्याच आठवड्यात त्याने करोल बागेतल्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, एक कागद सायक्लोस्टाइल केला. तोच पुढे दैनिक झाला. लोक सकाळी चहाआधी पहिला कॉलम बघायचे आणि ठरवायचे, ऑफिसला जायचं की घाटावर. ओळख असो नसो. ऑफिसात उशीर झाला तर सांगायचे, 'पहिला कॉलम होता', आणि मराठी साहेब असेल तर पुढे विचारायचा नाही.

'म्हणजे तुमचा पेपर जन्माला आलाच मयतीसाठी,' मी म्हणाले होते. काका म्हणाले, 'बिल्कुल.' त्यांना त्यात टोमणा दिसलाच नाही.

आता येते त्या दिवसावर.

एका मराठी मंडळाचा हॉल होता. मुंजीला मिळायचा, डोहाळजेवणाला मिळायचा, भोंडल्याला मिळायचा. आंबेडकर जयंतीला मागितला की दुरुस्ती निघायची. दर वर्षी नेमक्या त्याच आठवड्यात त्या हॉलला गळती लागायची – एप्रिलमध्ये! मी ते खणून काढलं. कोण काय बोललं, कुणी अर्ज घेतला, कुणी फिरवला, सगळं. लेख लिहिला आणि काकांच्या टेबलावर आपटला; माझी खात्री होती की ते टाळतील. टाळलं असतं तर पत्रकाला मसाला. त्यांनी वाचला. दोनदा. मग म्हणाले, “छापू. मंडळाची जाहिरात जाईल, जाऊ दे.” आणि वर, “पहिल्या पानावर. तुझ्या नावानिशी.”

तुम्हाला वाटेल मला बरं वाटलं असेल. मला वाटलं, म्हातारा पापं धुतोय.

लेख लांब होता. दोन कॉलमांत बसेना. त्या दिवशी कुठलाच फोन आला नव्हता. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. ते आतल्या खोलीत मान मागे टाकून डोळ्यांत औषध घालत होते. तिथूनच ओरडले, “आज कुणी गेलं नाही ना? मग घे तुझा पहिला कॉलम. पण पान जाईपर्यंत वाट बघ.” मी लेख तीन कॉलमांत ओतला. वर माझं नाव. चौकटीत. पान झालं होतं, पाठवायचं फक्त राहिलं होतं. मी ते नुसतं बघत बसले होते. किती सुंदर दिसत होतं माझं नाव, काय सांगू!

आणि फोन वाजला.

मयूर विहारहून एक मुलगी. करुणा बनसोड. बाबा दुपारी गेले, झोपेतच. भाऊ परदेशात, काका-मामा नागपूर-अमरावतीकडे, कुणी पोचू शकत नाही. सकाळी दहा वाजता निगमबोध घाट. ती शांत होती, आवाज फक्त मध्येच कोरडा पडत होता. म्हणाली, “ताई, बाबा रोज पहिला कॉलम वाचायचे. ते स्वतः पण जायचे, अनोळखी लोकांच्या. डबा घेऊन निघायचे, आधी घाट, मग ऑफिस. तर... उद्या लागेल ना?”

मी सगळं नीट विचारलं. पूर्ण नाव, कुठल्या खात्यातून निवृत्त, वेळ. वेळ मी तिला परत म्हणून दाखवली – दहा. आणि म्हणाले, “हो. लागेल.”

मग पानाकडे बघितलं. ती बातमी घ्यायची तर लेख एका कॉलमाने कापायला हवा. नाहीतर सगळाच तिसऱ्या पानावर, 'जाणारे-येणारे'च्या शेजारी. कुठलं वाक्य कापू? सगळी माझीच होती. सगळी किती जळजळीत!

“कुणाचा फोन, बेटा?” आतून.

“वर्गणीचं विचारत होते, काका.”

आणि मी पान पाठवलं.

एवढंच. दार लावायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. 'परवा लावू' असं मी मनात म्हटलं होतं – परवा! राख थंड झाल्यावर घाटावर यायचं आमंत्रण! आणि तुम्ही अजून बघितलं नसेल तर मीच दाखवते: दलितांना हॉल नाकारला म्हणून गरजणारा लेख अखंड ठेवण्यासाठी मी एका बौद्ध माणसाच्या मयताची बातमी टाकून दिली. हे आडनाव ऐकून केलं का? नाही. आडनाव विचारून घेतलं होतं, पण ते माझ्या डोक्यात शिरलंसुद्धा नव्हतं. मला फक्त माझं नाव दिसत होतं. यात काही सौम्य नाही. ते जास्त ओंगळ आहे.

सकाळी मी मुनिरकात लोळत होते आणि फोनवर शाबासक्या वाचत होते. त्या वेळी निगमबोधला काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. करुणा, तिची आई, खालच्या मजल्यावरचे सरदारजी, त्यांचा मुलगा, आणि शववाहिनीचा ड्रायव्हर, ज्याने हातातली विडी टाकून चौथा खांदा दिला. आई गेटकडे बघत राहिली होती. 'थोडं थांबू,' म्हणत होती. 'पेपर उशिरा आला असेल कुठे कुठे.' घाटावरच्या माणसाने दोनदा हटकलं, तेव्हा उचललं.

आतापर्यंतचं म्हणजे निष्काळजीपणा, स्वार्थ, काय वाटेल ते नाव द्या. कबुली इथे नाही. कबुली पुढे आहे.

करुणा दुसऱ्या दिवशी कचेरीत आली. काका दवाखान्यात गेले होते, मी एकटी होते. तिने पेपर माझ्यासमोर ठेवला, पहिल्या कॉलमावर बोट. “मॅडम, तुम्हीच होता ना फोनवर?” परवाची ताई आज मॅडम झाली होती. मी तिचं तोंड बघितलं. सुजलेलं, जागरणाने पिवळं. तेव्हा खरं बोलायला काय लागलं असतं? चार शब्द. मी विसरले, माफ कर. 'विसरले' हे खोटं, तरी चाललं असतं. पण मी? मी चूक करणारी? मी, जी सगळ्या दिल्लीच्या चुका काढते?

मी म्हणाले, “मी दिली होती बातमी. वरून काढली.”

“का?”

मी खांदे उडवले. आणि म्हणाले – हे मी कधीही, कुणाच्याही तोंडून परत ऐकलेलं नाही, माझ्याच डोक्यात वाजतं – “बनसोड ना तुम्ही? समजून घ्या.”

तिचा चेहरा कोसळला नाही. तेच तर. तो बसला. जणू कुठलीतरी जुनी, ओळखीची वस्तू नेहमीच्या जागी येऊन बसावी तसा. जन्मभर जिची धास्ती, ती गोष्ट अखेर कुणीतरी मोठ्याने सांगितली होती. मी मराठ्याची मुलगी. तो अपमान माझा नव्हता, मला तो कधी सोसावा लागला नाही, त्याचं वजन मला माहीत नाही. तो मी उचलला आणि तिच्या हातात ठेवला, माझी कातडी वाचवायला. बापाच्या मयताच्या दुसऱ्या दिवशी. जो झालाच नव्हता असा अपमान.

काका आले तेव्हा ती गेली होती. त्यांनी विचारलं. मी त्यांच्याकडे बघून म्हणाले, “मी तुम्हाला सांगितलं होतं, काका. तुम्ही डोळ्यांत औषध घालत होता.” औषधाची गोष्ट खरी होती ना, म्हणून बाकीचं खपलं. खोटं बोलायची ही रीत मला पत्रकांनी शिकवली – एक तपशील खरा द्यायचा, घट्ट. त्यांनी खिशातली औषधाची बाटली काढून बघितली. मग म्हणाले, “अच्छा... मग सांगितलंच असशील.” एक म्हातारा माणूस माझ्या डोळ्यांदेखत स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास काढून ठेवत होता, आणि मी बॅग भरत होते. त्याच संध्याकाळी राजीनामा दिला. निषेध म्हणून!

आणि मग पत्रक. करोल बागेतल्या गणपतीच्या मांडवाबाहेर मी स्वतः वाटलं. 'पहिल्या पानावर पुरोगामीपणाची पाटी, आणि बनसोडांच्या मयताला जागा नाही!' इतकं धारदार मी आधी कधी लिहिलं नव्हतं. नंतरही नाही. काय काय होतं माझ्याजवळ खरं – त्या पोटजाती, तो हॉल, ते पंचांगावरचे फौजी. पुरलं असतं. पण खऱ्याला चेहरा नव्हता, आणि मला चेहरा हवा होता. तो मी स्वतः घडवला आणि पेपरला डकवला.

काकांनी माफी छापली. पहिल्या कॉलमात, पूर्ण उंचीची. बनसोडसाहेब कोण होते, किती वर्षं अनोळखी माणसांना खांदा देत आले, सगळं चौकशी करून लिहिलं. शेवटी: 'निरोप मिळाला होता. संपादकाला विसर पडला. चूक सर्वस्वी संपादकाची.' मी त्यावर दुसरं पत्रक काढलं. 'विसर नेमका बनसोडांचाच कसा पडतो?' हे मी लिहिलं. मी.

लोकांनी वर्गण्या थांबवल्या. काहींनी चीड येऊन, आणि काहींनी – ज्यांना हॉलचा लेख झोंबला होता त्यांनी – आयती संधी साधून. तेच लोक, जे बनसोडांना आपल्या हॉलात शिरू देत नव्हते, ते बनसोडांच्या बाजूने शंख करत होते! असली ही आपली माणसं, आणि मी त्यांची सेनापती. पण पेपर वर्गणीवाचून बंद पडला नाही. तो काकांनी बंद केला. शेवटच्या अंकात दोन ओळी होत्या: ज्याच्या ध्यानात मेलेला माणूस राहत नाही, त्याने हा पहिला कॉलम चालवू नये, आणि तो कॉलम नसेल तर हा पेपर हवाच कशाला. मग ते मुलाकडे गुडगावला गेले. मागच्या हिवाळ्यात वारले. त्यांना सांगायला मला पुष्कळ वेळ होता. मेट्रो थेट जाते.

आता तिथे काय आहे? व्हॉट्सॲपचे ग्रुप. त्यात मयत फुलांच्या गुड मॉर्निंगखाली गाडली जाते, लोक हात जोडलेलं चित्र टाकतात आणि ऑफिसला जातात. घाटावर कुणी जात नाही. यावरही मी एक पत्रक लिहिलंय. निर्लज्जपणाला तळ असतो असं तुम्हाला वाटत असेल, तर माझ्याकडे बघा.

आणि करुणा. ती आमच्यात आली. येणारच होती. आमच्या सभांत बोलते. 'माझ्या वडिलांना आडनावामुळे चार मराठी खांदे मिळाले नाहीत' – इथे सभागृह गप्प होतं, दर वेळी. माइकची उंची मी ठीक करून देते. तिच्या आईने मराठी लोकांत जाणं सोडलं. सोडलं म्हणजे पार सोडलं: लग्नं नाहीत, हळदी नाहीत, पहाडगंजच्या मराठी शाळेतल्या जुन्या मैत्रिणी नाहीत. बाजारात कुणी मराठीत बोललं तरी हिंदीत उत्तर देतात. 'ज्यांच्यासाठी हे आयुष्यभर घाटावर धावले,' म्हणतात, आणि पुढचं बोलत नाहीत. मराठी बोलतात ती फक्त लेकीशी आणि माझ्याशी. मी गेले की ज्वारीची भाकरी करतात. का? तर त्या कचेरीत त्यांच्या बाजूने उभी राहिलेली मी एकटी. ती भाकरी मी खाल्ली आहे. पुष्कळदा. वर तूप मागून.

इतकी वर्षं गप्प का? कारणं तयार होती, मी ती नीट पाठ केली होती. चळवळीचं नुकसान होईल. हॉलवाले खुश होतील, म्हणतील बघा, सगळे आरोप असेच रचलेले. म्हणतीलही. त्यांच्या हातात हे कोलीत मीच दिलंय, गप्प राहून ते माझ्या हातातून गेलेलं नाही. चळवळ हे नाव मी माझ्या भित्रेपणाला दिलं होतं. चळवळीने ते मागितलं नव्हतं.

इथवर लिहून मी थांबले होते. मग वाटलं, तुम्हाला आधी सांगायचं आणि त्यांना नंतर – हा परत तोच प्रकार. म्हणून उठले आणि मयूर विहारला गेले. आता परत येऊन पुढचं लिहितेय. म्हणजे पहिली ओळ आता खरी राहिलेली नाही. ती तशीच ठेवते.

रविवार होता. काकू, म्हणजे करुणाची आई, जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत होत्या, करुणा इस्त्री करत होती. मी बसले नाही. सगळं सांगितलं, वर लिहिलंय त्याच क्रमाने: फोन, 'लागेल', वर्गणी, माझं नाव, 'समजून घ्या', डोळ्यांतलं औषध. करुणाने मध्ये कधीतरी इस्त्रीचं बटण बंद केलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती – जिथे बनसोडसाहेबांचा फोटो आहे तिकडेही नाही, नुसत्या भिंतीकडे.

काकूंच्या हातात शेंग तशीच होती. त्यांनी विचारलं, “म्हणजे... छापून आलं असतं, तर आले असते लोक?”

“हो, काकू. आले असते.”

“नाडकर्णी?”

“ते सगळ्यांत आधी.”

त्यांनी शेंग खाली ठेवली. “पाटणकरांचा मुलगा आला असता,” त्या म्हणाल्या, कुणालाच नाही. “त्याच्या वडिलांच्या वेळी हे चार तास उन्हात उभे होते. आणि ते सरोजिनी नगरचे, घारे. लंगडत आले असते, पण आले असते. कॅन्टातले ते मिशीवाले सुभेदार...”

“स्वाती,” करुणा म्हणाली, “जा तू.”

मी चपला घातल्या. जिना उतरताना काकूंचा आवाज येत होता. त्या अजून नावं घेत होत्या.